फोल्डर घेऊन सिडनीला

१८ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार

आईने आज निळं प्लास्टिकचं फोल्डर आणलं. वीस कप्प्यांचं, बटण लावायचं, शाळेत प्रोजेक्टला वापरायचो तसलं. म्हटलं अगं सगळं फोनमध्ये आहे, पीडीएफ करून ठेवलंय, दोन ठिकाणी सेव्ह आहे. तिने ऐकून घेतलं आणि मला प्रिंट काढायला पाठवलं.

हे प्रवासवर्णन आहे, पण खरं सांगायचं तर यातला प्रवास सोपा होता, बारा-साडेबारा तास खुर्चीत बसायचं, झालं. अवघड होतं ते त्याच्या आधीचं. ताई-भावोजी सिडनीत असतात, वर्क व्हिसावर, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, अजून नाही. मे २०२० चं आईचं तिकीट काढलेलं होतं कारण जूनमध्ये ताईचं पहिलं बाळंतपण. २० मार्चला कोरोनामुळे ऑस्ट्रेलियाने बॉर्डर बंद केली, २३ मार्चला आपण इंटरनॅशनल फ्लाइट्स बंद केल्या, आधी म्हणे एकच आठवडा. बाळंतपण आईने व्हिडिओ कॉलवर केलं. म्हणजे इथून बसून शेक किती द्यायचा, तेल कुठलं लावायचं असं सांगत, आणि तिकडे भावोजी एका हातात फोन धरून.

मग १ नोव्हेंबर २०२१ ला बॉर्डर उघडली तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते, पण नीट वाचलं तर त्यात सिटिझन आणि पीआरवाल्यांच्याच आईवडलांना परवानगी. वर्क व्हिसावाल्यांची आई म्हणजे त्यांच्या हिशोबात टुरिस्ट. ताईलाही इतकी वर्षं येता आलं नाही कारण बाहेर पडली असती तर परत आत घेतलं नसतं, टेम्पररी व्हिसावाल्यांना ये-जा करायला १५ डिसेंबर उजाडला, तोवर ओमायक्रॉन आणि तिला परत दिवस गेलेले. शेवटी ७ फेब्रुवारीला त्यांच्या पंतप्रधानांनी, मॉरिसननी, जाहीर केलं की २१ पासून दोन डोस घेतलेल्या कुठल्याही व्हिसावाल्याने यावं. व्हिसा आम्ही आधीच काढून ठेवला होता, सबक्लास ६००, व्हिजिटर. तिकिटाला जुनं क्रेडिट व्हाउचर वापरलं, वरचा फरक भरला. फरक किती ते विचारू नका.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आजचा अख्खा दिवस एका काडीचा.

ऑस्ट्रेलियाचा नियम असा, निघायच्या आधी तीन दिवसांत आरटीपीसीआर, नाहीतर २४ तासांत रॅपिड अँटिजेन, आणि तीसुद्धा लॅबमध्ये, सर्टिफिकेटसकट. आपल्याकडे सगळ्यांना आरटीपीसीआरची सवय. पण आईला जानेवारीत कोरोना होऊन गेला होता, ओमायक्रॉनच्या लाटेत, दोन दिवस ताप आणि घसा एवढंच, पण आरटीपीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे मेलेल्या विषाणूचे तुकडे पकडू शकते आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. म्हणजे बाई ठणठणीत आणि कागद आजारी. म्हणून रॅपिड. आणि २४ तास मोजायचे फ्लाइटच्या ठरलेल्या वेळेपासून उलटे, उद्या दुपारची दिल्ली-सिडनी, म्हणजे आज दुपारनंतरच टेस्ट, आणि रात्री मुंबई-दिल्ली पकडायची.

लॅबमध्ये गेलो (नाव लिहीत नाही), काउंटरवरचा मुलगा म्हणाला रॅपिडचं सर्टिफिकेट आम्ही देत नाही. अर्धा तास वाद. मग मॅडम आल्या, म्हणाल्या देतो. काडी नाकात, पंधरा मिनिटं बाहेर खुर्चीवर. आई डोळे मिटून बसलेली, बहुतेक रामरक्षा चालू होती. दोघंही निगेटिव्ह. उड्या मारायच्या राहिल्या कारण कागद हातात घेतला तर आईच्या जन्मतारखेत महिना चुकलेला! पासपोर्टशी जुळत नाही म्हणजे कागद रद्दी. परत आत, परत टायपिंग, प्रिंटरमधली शाई संपली, ती बदलली, शिक्का मारणारा माणूस चहाला गेलेला. विमानाने जायला निघालोय की तहसील ऑफिसात आलोय कळेना. सहा वाजता दुरुस्त कागद मिळाला. चुकीचा मी फाडायला घेतला तर आईने हातातून काढून घेतला. असू दे म्हणाली, कधी काय विचारतील सांगता येत नाही. गेला फोल्डरमध्ये, मागच्या कप्प्यात.

२० फेब्रुवारी, रविवार

दिल्लीला एअरपोर्टजवळच्या हॉटेलात चार तास झोप आणि साडेआठलाच टर्मिनल ३. आपल्याकडे अजून रेग्युलर इंटरनॅशनल फ्लाइट्स सुरू नव्हत्याच, १५ डिसेंबरपासून होणार होत्या, ओमायक्रॉन आला आणि ते लांबलं, सगळं एअर बबलवर चाललेलं, म्हणजे दोन देशांनी आपापसात ठरवून चालवलेल्या मोजक्या फ्लाइट्स. ऑस्ट्रेलियाशी आपला बबल डिसेंबरात झाला. एवढं मोठं टर्मिनल आणि बोर्डवर शहरांची नावं बोटावर मोजण्याइतकी.

चेक-इनला रांग लांब नव्हती पण सरकत नव्हती. प्रत्येक माणसाला दहा-बारा मिनिटं. काउंटरवरच्या मुली टिमॅटिक बघत होत्या, टिमॅटिक म्हणजे कुठल्या पासपोर्टला कुठल्या देशात काय लागतं ते सांगणारी सिस्टीम, एअरलाइनवाले तिच्यावरच चालतात कारण चुकीचा माणूस नेला तर परत आणायचा खर्च आणि दंड त्यांच्या बोडक्यावर. आणि टुरिस्टचा नियम तर लागू होणार होता आज मध्यरात्रीनंतर, तिकडच्या घड्याळाने. ती मुलगी स्क्रीन वाचायची, शेजारणीला विचारायची, दोघी मिळून सुपरवायझरला. मला राग आला नाही खरं म्हणजे. दोन वर्षं जे काम केलंच नाही ते पुन्हा करताना हात जसे चाचपडतात तसं दिसत होतं ते.

आमचा नंबर आला. मी ऐटीत फोन काढला. डिजिटल पॅसेंजर डिक्लरेशन, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा तो नवा ऑनलाइन फॉर्म, त्यासाठी लॉगिन करायला गेलो तर सेशन एक्स्पायर्ड, नेटवर्कची एकच कांडी, आणि गोल गोल फिरणारं चक्र. पीडीएफ 'दोन ठिकाणी सेव्ह' होती ती दोन्ही ठिकाणं क्लाउडवर. मागे माणसं. घाम.

टक् करून बटण उघडल्याचा आवाज आला.

आईने एकेक कागद काउंटरवर ठेवायला सुरुवात केली, पत्ते वाटल्यासारखा. पासपोर्ट, व्हिसा, कोविनचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट (हिचं कोव्हॅक्सिन, माझं कोविशील्ड, ऑस्ट्रेलियाने कोविशील्ड १ ऑक्टोबरला मानली आणि कोव्हॅक्सिन १ नोव्हेंबरला, तो महिनाभर आई रोज विचारायची की माझी लस खोटी आहे का), टेस्टचा कागद, डिक्लरेशनची प्रिंट, रिटर्न तिकीट. माझेसुद्धा सगळे. मुलगी म्हणाली, आंटी यू आर व्हेरी ऑर्गनाइज्ड. आई माझ्याकडे बघितलीसुद्धा नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

विमान बोइंग ७८७. याच्या खिडकीला शटर नसतं, खाली एक बटण असतं, दाबलं की काच हळूहळू निळी होत काळी पडते. आईने ते दहा वेळा करून पाहिलं. मग मी, मला विमानांचं वेड आहे हे एव्हाना कळलं असेल, तिला सांगत बसलो की दोन वर्षं ही विमानं उभी होती म्हणजे नुसती कुलूप लावून ठेवलेली नव्हती. टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी चाकं फिरवायची, इंजिनात ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पिशव्या, नव्या बुटाच्या खोक्यात असतात ना तेच, आणि नाकाशी ज्या बारीक नळ्या असतात वेग मोजायच्या, पिटो ट्यूब, त्यांना टोप्या. कारण त्यात गांधीलमाश्या घरं करतात. ब्रिस्बेनला तर हा त्रास इतका की त्यावर संशोधन झालंय, विमान जरा उभं राहिलं की माशी नळीत चिखल भरून मोकळी. क्वांटासची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एअरलाइनची, ए३८० विमानं कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटात व्हिक्टरव्हिलला ठेवलेली, कोरडी हवा म्हणून, तिथे चाकांच्या कोनाड्यात खुळखुळे साप, रॅटलस्नेक, येऊन बसायचे, तर इंजिनिअर लोक आधी झाडूच्या दांड्याने चाकं बडवून मगच कामाला हात लावायचे. विमानं ठीक, पण पायलटनासुद्धा ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात, नाहीतर प्रवासी घेऊन उडता येत नाही, मग ते सिम्युलेटरवर जाऊन हिशोब पूर्ण करायचे. आई म्हणाली म्हणजे आपल्या पायलटने केलंय ना? मी म्हटलं केलं असणार. मग ती झोपली नाही.

शेजारी नागपूरचे एक काका. मुलगी पर्थला. पण पर्थ म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, त्यांनी स्वतःची वेगळी बॉर्डर धरून ठेवलेली, देशाची उघडली तरी यांची नाही. ५ फेब्रुवारीला उघडणार होते, जानेवारीत पुढे ढकललं, आणि परवाच, १८ तारखेला, जाहीर झालं ३ मार्च. काकांचं तिकीट आधीच काढलेलं. मग दहा दिवस सिडनीत भाच्याकडे. त्यांनी सांगितलं की पर्थ बंद म्हणून क्वांटासची लंडनची फ्लाइट, जी पर्थहून थेट जायची, ती नोव्हेंबरपासून डार्विनमार्गे वळवलीय. मला ते माहीत होतं पण काका इतक्या तळमळीने सांगत होते की मी 'हो का?' म्हटलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उतरलो. चाकं टेकली तेव्हा मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मग अख्ख्या केबिनने. मास्कमुळे चेहरे दिसत नव्हते पण शेजारचे काका चष्मा पुसत होते.

इमिग्रेशनला आई फोल्डर छातीशी धरून. बटण उघडून तयार. ऑफिसरने पासपोर्ट घेतला, स्कॅन केला, कशाला आलात विचारलं, आई म्हणाली 'डॉटर', तो हसला आणि पासपोर्ट परत. संपलं. एकही कागद मागितला नाही! दिल्लीला सगळं तपासून झालेलं असल्यावर इथे कशाला मागतील. पण आईचा चेहरा असा पडला की जणू परीक्षेला पूर्ण पुस्तक पाठ करून गेली आणि पेपरच रद्द झाला.

बाहेर मात्र जत्रा. ड्युटी फ्री आणि खाण्याची निम्मी दुकानं शटर लावून बसलेली, आणि अराइव्हल्सला टीव्हीचे कॅमेरे, गाणी, कोआलाचा वेश केलेली माणसं, येईल त्याला हातात कोआलाची खेळणी, टिम टॅम बिस्किटं, ब्रेडला लावायच्या व्हेजिमाइटच्या बरण्या. एका दिवसात पन्नासच्या वर इंटरनॅशनल फ्लाइट्स येणार होत्या देशभरात. पहाटे लॉस एंजेलिसवरून आलेल्यांचं स्वागत तर टीव्हीवर लाइव्ह. आईलाही एक कोआला मिळाला. तिने घेतला, आणि याचे पैसे किती असं मला मराठीत हळूच विचारलं.

आणि ताईचा पत्ता नाही. झालं असं की ज्या दिवशी सगळ्या जगाला या म्हणून बोलावलं नेमक्या त्याच दिवशी सिडनीची अख्खी ट्रेन सेवा बंद! युनियन आणि सरकारचं भांडण, एकही गाडी नाही. आम्हाला विमान पोचवून गेलं दहा हजार किलोमीटर आणि वेस्टमीडहून एअरपोर्टला यायला ताईला जमेना कारण सगळं शहर गाड्या घेऊन रस्त्यावर. पावणेदोन तास आम्ही ट्रॉलीवर बसून. नागपूरचे काका भाच्याबरोबर गेले, जाताना नंबर घेतला.

ताई आली. सातवा महिना, पोटावर हात धरून चालत. पुढचं लिहीत नाही, कुणालाही कल्पना करता येईल. एवढंच सांगतो की आई रडली नाही, ताईच्या पायावर सूज आहे का ते बघायला तिथेच खाली वाकली.

घरी पोचलो तर भाचा, वीस महिन्यांचा. त्याची आजी फोनमध्ये राहते. म्हणजे त्याला तसंच माहीत. आई समोर बसून हाका मारतेय, आवाज ओळखीचा, तर तो टेबलावरून फोन घेऊन आला आणि तिच्या हातात दिला. लाव म्हणून. आजी हवीय त्याला, समोरच्या बाईने लावून द्यावी. शेवटी भावोजींनी युक्ती केली, दुसऱ्या खोलीत जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला, आई कॉलवर बोलत बोलत खोलीत आली. तो एकदा स्क्रीनकडे बघतो एकदा हिच्याकडे. मग फोन सोफ्यावर उलटा टाकला आणि तिच्या नाकातल्या चमकीला हात लावला.

रात्री नियमाप्रमाणे २४ तासांतली रॅपिड टेस्ट, घरीच. निगेटिव्ह. दुसरी सहाव्या दिवशी. आणि सात दिवस हॉस्पिटल किंवा वृद्धाश्रमात पाय ठेवायचा नाही.

२२ ते २४ फेब्रुवारी

पाऊस. दुसरं काही नाही. आपल्या जुलैसारखा. मी जेटलॅगमुळे पहाटे दोनपर्यंत जागा, खिडकीतून पाऊस बघत. गुरुवारी दुपारी बातमी आली की रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मग तीच बघत बसलो.

बुधवारी ताईची तपासणी होती हॉस्पिटलमध्ये, आई पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. इतक्या लांब येऊन शेवटचे शंभर मीटर नाही. तिने नियमाला शिव्या घातल्या नाहीत, स्वेटरचं विणकाम काढलं.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून दुकानांत, मॉलमध्ये मास्क सक्तीचा नाही, फक्त ट्रेन-बस, एअरपोर्ट, हॉस्पिटल वगैरे ठिकाणी. पॅरामाटाच्या मॉलमध्ये गेलो तर लोक दारात थबकायचे, इकडेतिकडे बघायचे, कुणी काढतंय का, मग हळूच एका कानाचा दोरा. आईने काढला नाही.

तिथून ट्रेनने सर्क्युलर कीला, गाड्या कमी आणि गच्च भरलेल्या. ऑपेरा हाउस पावसात राखाडी दिसतं, फोटोतल्यासारखं पांढरं नाही, मला तर तसंच जास्त आवडलं. समोर ओव्हरसीज पॅसेंजर टर्मिनल, क्रूझच्या मोठ्या बोटी लागायचा धक्का, पूर्ण रिकामा. मार्च २०२० मध्ये रुबी प्रिन्सेस इथेच लागली होती, २,७०० च्या आसपास प्रवासी कसली तपासणी न होता उतरले आणि त्यातून केवढी साथ पसरली. तेव्हापासून क्रूझ बंद, विमानं सुरू झाली तरी बोटींना एप्रिलपर्यंत परवानगी नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या धक्क्याच्या आडोशाला पाऊस थांबायची वाट बघत उभे. थांबला नाही.

२७ फेब्रुवारी ते २ मार्च

सहाव्या दिवसाची टेस्ट, निगेटिव्ह. सोमवारी लिझमोर नावाच्या गावात नदी १४.४ मीटरवर गेली, आजवरचा विक्रम, माणसं छपरांवर. २ मार्चला वारागांबा धरण भरून वाहायला लागलं आणि सिडनीच्या पश्चिमेला लोकांना घरं सोडायचे मेसेज. आमच्याकडे फक्त अंगणात तळं. आई सात दिवस उलटल्यावर ताईबरोबर हॉस्पिटलच्या आत जाऊन आली, फोल्डर घेऊन. तिथे कुणीतरी लसीचं सर्टिफिकेट विचारलं म्हणे. घरी येऊन मला दोनदा सांगितलं.

माझं तेवढंच होतं, आईला सोडायचं आणि परत. ती आता बाळंतपण उरकूनच येणार.

३ मार्च, गुरुवार

परतीसाठी आपला एअर सुविधा फॉर्म, म्हणजे भारतात येताना भरायचा ऑनलाइन फॉर्म. १४ फेब्रुवारीपासून नियम सैल झाले होते, यादीतल्या देशांतून येणाऱ्याला लसीचं सर्टिफिकेट अपलोड केलं की आरटीपीसीआर नको, सात दिवसांचं क्वारंटाइनही गेलं, त्याजागी चौदा दिवस स्वतःवर लक्ष ठेवा एवढंच, आणि उतरल्यावर शंभरातल्या दोघांची टेस्ट. सिडनीच्या काउंटरवर मी फोन दाखवला, स्क्रीनशॉट, या वेळी फोनमध्येच ठेवलेला, नेट नको काही नको. दहा सेकंदात काम. आईला लगेच मेसेज केला. निळी टिक आली, उत्तर नाही.

विमानात बसलो तर नागपूरच्या काकांचा फोटो. पर्थ एअरपोर्ट, मुलगी, जावई आणि मधे काका, मास्क हनुवटीवर. आजच उघडलं होतं पर्थ.

इकडे पूर्वेचं आकाश मोकळं झालं आणि याच आठवड्यात तिकडे युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपच्या विमानांना बंदी घातलेली, म्हणजे नुकत्या सुरू झालेल्या लांबच्या फ्लाइट्सना आता सायबेरियावरून जाता येईना, वळसा घालून तासन्‌तास जास्त. दोन वर्षं व्हायरसमुळे आणि आता हे. संध्याकाळी दिल्लीला उतरलो तर बाहेर पडायच्या जागी तुफान गर्दी, युक्रेनमधून सुटलेली मेडिकलची पोरं बुखारेस्ट-बुडापेस्टवरून येत होती, हातात झेंडे, गुलाबाची फुलं, पाठीवर एकेक सॅक आणि पायात नुसत्या चपला सुद्धा एकाच्या. त्यांच्या आया कठड्याला पोट टेकवून. मी माझी बॅग घेऊन कडेकडेने निघालो.

दोन टक्क्यांत माझा नंबर लागला नाही.

ऑगस्टमधली पुरवणी

२७ मार्चला आपल्या रेग्युलर इंटरनॅशनल फ्लाइट्स सुरू झाल्या. एप्रिलमध्ये भाची झाली. ऑस्ट्रेलियाने आधी टेस्ट काढून टाकली, मग ६ जुलैला तो डिक्लरेशनचा फॉर्मच बंद केला. मी आईला फोनवर सांगितलं, आता ते फोल्डर ताईच्या पोरांना चित्रं काढायला दे.

आई ऑगस्टमध्ये निघाली. तिकडचं सिम बंद करून निघाली, पैसे कशाला वाया. आणि सिडनीच्या काउंटरवर विचारलं, मॅडम, एअर सुविधा? आपल्याकडचा तो फॉर्म अजून चालूच होता. पुढचा माणूस म्हणे फोन उंच धरून वाय-फाय शोधत होता.

रात्री घरी आल्यावर बॅगा उघडायच्या आधी तिने फोल्डर टेबलावर ठेवलं. एअर सुविधाची प्रिंट, बोर्डिंग पास, नातीच्या बर्थ सर्टिफिकेटची झेरॉक्स. सगळ्यात मागच्या कप्प्यात तो चुकीच्या जन्मतारखेचा रिपोर्ट, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी म्हटलं हा तरी टाकू का आता?

"राहू दे," आई म्हणाली, "जागा आहे."